'इन्फरन्स'ला मुलांच्या मराठीत काय म्हणायचं?

पानगळ
आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या वाचनपुस्तिकेचा अनुवाद करतेय. गोष्टी वास्तववादी: बोलणारा कोल्हा नाही, परी नाही, घर, शाळा, भांडणं, अबोला. प्रत्येकीखाली 'इन्फरन्स'चे प्रश्न, म्हणजे उताऱ्यात थेट न सांगितलेलं खुणांवरून ओळखायचं. मी बिनधास्त 'निष्कर्ष काढा' लिहिलं आणि भाचीवर प्रयोग केला. उतारा असा:

'मिहिर घरी आला. चपला काढल्या, दप्तर मात्र पाठीवरच. आई म्हणाली, "ठेव की ते खाली." तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. "ठेवतो नंतर," म्हणाला आणि तसाच भिंतीकडेने सरकत खोलीत गेला.'

भाचीने लिहिलं: 'निष्कर्ष: आईचं ऐकावं.'

म्हणजे तात्पर्य! तिची काय चूक, गोष्टीखाली तिने आजवर तेच पाहिलंय. दुसरा शब्द सुचवा.

जुनी_वही
'अनुमान' आहे ना. प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हाच क्रम होता.

खडूची_पूड
आमच्या वहीत शेवटी 'निष्कर्ष'च होता. पक्कं आठवतंय, कारण मी तो आधी लिहून निरीक्षण मागाहून जुळवायचो.

जुनी_वही
मग तुमची वही वेगळी असेल. अनुमानच.

तर्कटराव
दोन्ही चालतील, पण घडण बघा. निष्कर्षात 'कृष्' धातू आहे, ओढणे. कृषी त्यातलीच. निष्कर्ष म्हणजे ओढून बाहेर काढलेलं. अनुमान म्हणजे अनु + मान, आधी काहीतरी पाहून त्याच्या मागून केलेलं मोजमाप. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द अशी चार प्रमाणं, म्हणजे ज्ञान मिळवायची साधनं. डोंगरावर धूर दिसला म्हणून आग आहे, हे अनुमान. मिहिरची पाठ हा धूर समजा. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन असे अनुमानाचे पाचही अवयव, म्हणजे पायऱ्या, या उताऱ्यावर बसवून दाखवता येतील.

मावशीबोली
तर्कटराव, मुलं आठ वर्षांची आहेत हो! पाच अवयव होईपर्यंत झोपतील.

आत्ताच आमच्या दोघांना उतारा वाचून दाखवला. मोठा म्हणाला, 'मार्क कमी पडले.' धाकटी म्हणाली, 'दप्तर मागून फाटलंय.' कशावरून गं? तर म्हणे, 'मग भिंतीला कशाला चिकटला?' आमच्याकडे याला ताडणं म्हणतात. 'तिने बरोबर ताडलं.'

खडूची_पूड
वा! मोठ्याने सुतावरून स्वर्ग गाठला, सूतही हातात नसताना. त्याने मिहिरच्या जागी स्वतःला ठेवलं, उतारा बाजूलाच राहिला. वर्गात नेमका हाच घोटाळा होतो. गोष्ट ओळखीच्या जगातली असली की मुलं स्वतःच्या आठवणीतून उत्तर देतात. राक्षसाच्या गोष्टीत असं होत नाही, तिथे उताऱ्याला धरून राहावं लागतं. म्हणून शब्दात 'पुरावा' हवा. 'अंदाज करा' तर मुळीच नको.

शुद्धपक्ष
'अंदाज' तसाही नकोच, फारसी आहे. आणि 'ताडणे' छापलंत तर कुणी ताडन समजेल.

मावशीबोली
म्हणजे मुलांना मारा? 😄

तर्कटराव
धाकटीचं कौतुक आहेच, पण 'फाटलंय' कशावरून? कुणी मागे काहीबाही लिहिलं असेल, चिखल लागला असेल. जिथे भिंतीला पाठ तिथे फाटकं दप्तर, अशी व्याप्ती, म्हणजे कायमची जोडी, नाही. उतारा एवढंच सांगतो की मागची बाजू आईला दिसायला नको आहे.

काठावरचा
इतके दिवस नुसता वाचत होतो. तुम्ही सगळे नाम शोधताय, मराठीत हे काम 'वरून' हे शब्दयोगी अव्यय करतं. शितावरून भाताची परीक्षा. चेहऱ्यावरून ओळखलं. सुतावरून स्वर्ग. आणि वर दोघांनीही विचारलंत 'कशावरून?' तोच प्रश्न छापा: 'मिहिर काहीतरी लपवतोय, कशावरून?'

पुढचं काम क्रियापद करतं. लपवत असणार, लपवत असावा, लपवत असेल. खात्री उतरत जाते. मुलांना या तिन्हींतलं एक निवडायला लावा, कोण उताऱ्याला धरून आहे ते लगेच दिसेल.

जुनी_वही
'असावा' आणि 'असेल'मध्ये काहीही फरक नाही.

काठावरचा
आहे. दारात चपला दिसल्या तर 'आला असावा'. काहीच दिसलं नाही तर 'आला असेल'.

जुनी_वही
आम्ही चपला बघूनही 'आला असेल' म्हणतो.

पानगळ
'कशावरून?' फार आवडलं. पण अनुक्रमणिकेत कौशल्याचं नाव द्यावं लागतं, तिथे नामच हवं. आणि 'वास्तववादी कथा'चं काय करू? भाचीने विचारलं, 'म्हणजे हे खरंच झालं होतं?' 'घडू शकेल अशी गोष्ट' कसं वाटतं?

तर्कटराव
थांबा, मुळात हे अनुमान आहे की व्यंजना, म्हणजे शब्दांनी न सांगता सुचवणं, ते आधी ठरवा. संस्कृत काव्यशास्त्रात आनंदवर्धनाने 9व्या शतकात ध्वनी, म्हणजे सूचित अर्थाचा सिद्धांत, मांडला. पुढे महिमभट्ट म्हणाला, वेगळी व्यंजना कशाला, ते सगळं अनुमानच. मम्मटाने ते खोडून काढलं. त्याचंच उदाहरण 'सूर्य मावळला': गुराख्याला कळतं गुरं वळवा, मजुराला कळतं काम थांबवा. एकच वाक्य, दोन अर्थ, दोन्ही बरोबर. तुमच्या मोठ्याला लगेच चूक ठरवू नका.

खडूची_पूड
मम्मटाच्या वाक्यात ऐकणारे वेगळे आहेत. इथे उतारा एक, मिहिर एक. मार्कांचा त्यात मागमूस नाही.

मावशीबोली
शुद्धपक्ष, अंदाज हाकललात, मग 'दप्तर'चं काय? तेही फारसीच ना?

शुद्धपक्ष
'पाठपिशवी' करता येईल.

मावशीबोली
करून दाखवा. 'आई, माझी पाठपिशवी कुठेय?'

तर्कटराव
दप्तर फारसीच्याही मागे ग्रीकपर्यंत जातं. 'डिप्थेरा' म्हणजे कमावलेलं कातडं, त्यावर लिहायचे. घटसर्पाचं 'डिप्थेरिया' हे नावही त्यावरूनच, घशात कातड्यासारखा पडदा धरतो म्हणून.

जुनी_वही
काय सांगता! मग 'दफ्तर' की 'दप्तर'? आमच्या वहीवर 'फ' होता.

खडूची_पूड
पुन्हा तुमची वही!

पानगळ
अनुक्रमणिका उद्या द्यायचीय हो…

शुद्धपक्ष
'प'च. त्यासाठी नवा धागा काढतो.