दिवाळी अंकाची कथा एआयकडून कशी तपासावी?

कोथरूडकर: पानशेतच्या पुरावर ३,००० शब्दांची कथा तयार आहे. दिवाळी अंकाला पाठवण्याआधी एआयकडून तपासायची आहे. कशी द्यावी?

शनिवारपेठ: अख्खी कथा एकदम टाकू नका, मधल्या चुका निसटतात. ५००-५०० शब्द द्या आणि आधीच बजावा: ‘काही बदलू नकोस, फक्त चुका दाखव.’ नाहीतर ‘लई’चं ‘खूप’ होतं आणि पात्राची बोलीच मरते. ऱ्हस्व-दीर्घ मात्र शब्दकोशातच बघा.

सहकारनगर: तपशील त्याच्या भरवशावर सोडू नका. धरण फुटलं १२ जुलै १९६१ला. एआय चुकीची तारीखही तितक्याच ठामपणे देतं. खरा उपयोग वाचक म्हणून: ‘कुठे गोंधळलास? पाच जागा दाखव.’

कोथरूडकर: बोलीचं लक्षातच आलं नव्हतं. संवाद आधी वेगळे काढते.