मदत हवी आहे: नांदूर मध्यमेश्वरचा बिनशेपटीचा कमळपक्षी

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवेच्या पाण्यावर असलेल्या नांदूर मध्यमेश्वरला मी दोन वर्षं जातोय (रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत, आल्याचं 2020 मध्ये जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण). अजून शिकाऊच आहे, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर हसा, पण उत्तर द्या.

जुलैत चापडगावच्या बाजूला पाणवनस्पतींवर लांब शेपटीचा कमळपक्षी दिसला. चॉकलेटी अंग, मानेमागे सोनेरी पट्टा, कोयत्यासारखी वळलेली शेपटी. चुकायचा प्रश्नच नाही. जानेवारीत तिथेच एक पक्षी होता: वरून फिकट तपकिरी, पोट पांढरं, गळ्याखाली काळपट माळ, आणि शेपटी अगदी आखूड. सोबतचे एक काका म्हणाले, हे कांस्यपंखी कमळपक्ष्याचं पिल्लू. पण उडाला तेव्हा पंख पांढरेशुभ्र चमकले! कांस्यपंखीचे पंख उडताना गडदच दिसतात ना? म्हणजे हा विणीचा साज उतरवलेला लांब शेपटीचा कमळपक्षीच असावा, असं मला वाटतं. फोटो धूसर आहे, शेकाट्यांच्या गोंगाटात हात हलला.

ही शेपटी साधारण कोणत्या महिन्यात गळते आणि परत कधी येते? अर्धवट शेपटीचा कोणी पाहिलाय का?

आणखी एक. आईला चक्रवाक आणि तलवार बदकं दाखवायची आहेत. तिचे गुडघे दुखतात, मनोऱ्याच्या पायऱ्या जमणार नाहीत. डिसेंबरात सकाळी बसल्या जागेवरून बदकं जवळ दिसतील अशी काठावरची जागा कोणती? जांभळ्या पाणकोंबड्या तर तिने बाराही महिने पाहून झाल्यात, त्यांचं कौतुक आता संपलंय.