जुळे सोलापुरात वरचे दोन ब्लॉक भाड्याने द्यायचेत: करार, पाणी, मीटर कसं करावं?

माडीवाले: खाली आम्ही राहतो, वर दोन खोल्या-किचनचे दोन ब्लॉक बांधून झालेत. एकेकाचं भाडं ७,०००, डिपॉझिट ३०,००० धरलंय. एजंट म्हणतो, अकरा महिन्यांचा करार पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करा, रजिस्टर कशाला? नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, हौद एकच. मीटरही एकच आहे, वर सबमीटर (आपल्याच मीटरपुढे प्रत्येक घराचे युनिट मोजायला लावायचे खासगी मीटर) लावावेत असा विचार आहे. जाणकारांनी सांगावं.

कागदपत्री: एजंटचं ऐकू नका. करार वर्षाच्या आतला असला की नोंदणी नको, ही अकरा महिन्यांची पळवाट महाराष्ट्रात चालत नाही. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर वादात भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या आधी खऱ्या धरल्या जातात, खोडून काढणं तुमच्याकडे. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि वाचतं किती ते बघा. ७,००० × ११ = ७७,०००. डिपॉझिटवर वार्षिक १० टक्क्यांनी ११ महिन्यांचं व्याज २,७५०. बेरीज ७९,७५०, त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे २०० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. ऑनलाईन केलं तर हाताळणीचे ३०० आणि एजंटची फी वेगळी. आधार आणि अंगठा लागतो, घरबसल्या होतं.

मथळा ‘भाडेपट्टा’ नको, ‘लिव्ह अँड लायसन्स’ हवा, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती राहायची फक्त परवानगी. मुदत संपून माणूस हलला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि रिकामं करेपर्यंत दुप्पट रक्कम मागता येते. नोटरीच्या कागदावर हा रस्ता अवघड होतो. भाडेकरूची माहिती पोलिसांच्या पोर्टलवर त्याच आठवड्यात भरून पोच जपून ठेवा.

हौद-टाकी: करार एकदाच होतो, पाण्यावरून मात्र दर पाळीला वाजतं. सरकारी हिशोब माणशी १३५ लिटरचा, काटकसरीत १०० धरा. तीन घरं, बारा माणसं, पाच दिवस: ६,००० लिटर. म्हणजे हौद आतून २ × २ × १.५ मीटर तरी हवा. त्याहून लहान असेल तर आधी तो बघा, रंगरंगोटी नंतर.

गच्चीवर एकच मोठी टाकी ठेवू नका. प्रत्येक घराला १,००० लिटरची स्वतंत्र टाकी, मोटारीच्या चढत्या पाइपला तीन फाटे आणि प्रत्येक फाट्याला व्हॉल्व्ह. ज्याने जास्त सांडलं त्याची टाकी आधी रिकामी होते, तुम्हाला बोलावं लागत नाही. भरलेली टाकी एक टनाची होते, म्हणून बीमवर बसवा, स्लॅबच्या मधोमध नको. रंग पांढरा घ्या; आपल्याकडच्या मे महिन्यात काळ्या टाकीचं पाणी दुपारी अंगावर घेववत नाही.

बोअर असेल तर त्याची लाईन वेगळी, फक्त संडास-बाथरूमला. त्या पाण्याचे क्षार बॉलकॉकच्या (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणाऱ्या तरंगत्या कॉकच्या) वायसरवर बसतात, कॉक पूर्ण मिटत नाही आणि टाकी रात्रभर वाहते. दर सहा महिन्यांनी वायसर बदला. आणि पालिकेच्या नळाला थेट मोटार लावायची नाही. पाणी हौदात पडू द्या, तिथून उचला.

सबमीटरही नको. घरगुती वीजदर टप्प्याटप्प्यांनी चढतात. तीन घरांचे १३० प्रमाणे ३९० युनिट एका मीटरवर आले की पहिले १०० एकदाच स्वस्तात मिळतात आणि ३०० च्या पुढचे आणखी महाग पडतात. वेगळी मीटरं घेतली तर प्रत्येकाला पहिले १०० स्वस्त. स्थिर आकार (वापर कितीही असो, दर महिन्याला मीटरमागे लागणारी ठराविक रक्कम) तीनदा बसेल, पण बिलावरून जिन्यात उभं राहायची वेळ येत नाही. स्वतंत्र किचन, स्वतंत्र दार आहे, म्हणजे अर्ज करता येईल. घरपट्टीची पावती आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनचा टेस्ट रिपोर्ट तयार ठेवा. एक हॉर्सपॉवरची मोटार तासाला पाऊण ते एक युनिट खाते. ती तुमच्या मीटरवर ठेवा, भाड्यात धरा.

माडीवाले: पटलं. एका ब्लॉकला कॉलेजची चार मुलं विचारतायत. द्यावं का?

कागदपत्री: द्या, पण करारात चौघांचीही नावं आणि अंगठे घ्या. एकाच्या नावावर केला आणि तोच परीक्षेनंतर गावी गेला की उरलेल्या तिघांशी तुमचा कागदच नसतो. भाडं चौघं मिळून देणं लागतात, असं वाक्य घाला.

हौद-टाकी: आणि चावी देताना पंखे, नळ, गिझर यांची यादी, मीटरच्या आकड्याचा फोटो, दोघांच्या सह्या. जाताना तोच कागद समोर धरून डिपॉझिटमधून वळतं करायचं. शेवटचं वीजबिल भरल्याची पावती हातात आल्याशिवाय डिपॉझिट सोडू नका, मीटर तुमच्या नावावर आहे.