पन्नाशीत वजन उतरवायचं तर लो-कार्बच?

ओंजळ:
वय ५१. दहा वर्षं कॅलरी मोजल्या, रोज तासभर चालले, तरी दरवर्षी किलोभर वजन वाढतच गेलं. गेल्या वर्षी साखर, धान्य आणि बटाटे बंद केले. दिवसाला ५० ग्रॅमच्या आत कर्बोदकं. आठ महिन्यांत ११ किलो उतरले. पण आकड्याहून मोठं सुख म्हणजे भूक शांत झाली. जेवून दोन तास होत नाहीत तोच पुन्हा काहीतरी तोंडात टाकावंसं वाटायचं, ते गेलं. पाळी जायच्या सुमारास पोटावर चरबी चढते, तेव्हा 'कमी खा, जास्त हाला' म्हणून बाईलाच दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. या वयात लो-कार्ब हाच पहिला उपाय असावा असं माझं ठाम मत आहे. आणि हे आजचं खूळ नाही. लंडनच्या विल्यम बँटिंगने साठी ओलांडल्यावर पाव, साखर, बटाटे सोडून वजन उतरवलं आणि १८६३ मध्ये त्यावर पुस्तिका छापली. तुम्हाला काय वाटतं?

उंबरा:
मनापासून अभिनंदन, पण 'हाच पहिला उपाय' याला माझा विरोध आहे. पहिल्या आठवड्यात जातं ते बरंचसं पाणी. शरीरातला ग्लायकोजेनचा (साठवून ठेवलेल्या साखरेचा) साठा एका ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून असतो. कर्बोदकं तोडली की तो साठा आटतो आणि पाणी लघवीवाटे जातं. त्या आकड्यावर हुरळलेली माणसं पुढे काटा अडला की सगळंच सोडून देतात, हे मी फार जवळून पाहिलंय.

२०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाचा वर्षभराचा प्रयोग प्रसिद्ध झाला. ६०९ माणसं, काही लो-कार्बवर, काही लो-फॅटवर. साखर आणि मैदा दोन्हीकडे कमी, भाज्या दोन्हीकडे भरपूर. सरासरी घट ६ किलो आणि ५.३ किलो, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. दोन्ही गटांत कुणाचं वजन खूप उतरलं, तर कुणाचं चक्क वाढलं. तुम्हाला लागू पडलं म्हणून ते सगळ्यांना कसं सांगायचं?

पारंबी:
वाद चालू द्या, पण एक गोष्ट आधी वाचा. माझ्या भावाने मधुमेहाची गोळी चालू असताना कुणालाही न विचारता कर्बोदकं तोडली. रात्री साखर इतकी उतरली की घाम फुटून तो बरळायला लागला. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर डोस आधी बदलावा लागतो. एसजीएलटी-२ गटातली (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी) मधुमेहाची गोळी असेल तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. रक्तदाबाच्या गोळीचंही डॉक्टरांशी बोला. आणि प्रथिनं पुरेशी घ्या, वजनं उचला. या वयात चरबीबरोबर गेलेला स्नायू सहज परत येत नाही.

ओंजळ:
पारंबी, हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. माझी गोळी नव्हती म्हणून डोक्यातच आलं नाही.

उंबरा, तुमच्या प्रयोगात वयाची मर्यादा ५० होती. मी त्यात बसतच नाही! २००८ मध्ये इस्रायलमधल्या ३२२ जणांचा दोन वर्षांचा प्रयोग आला, सरासरी वय ५२. लो-फॅटवर २.९ किलो उतरले, लो-कार्बवर ४.७. आमच्या वयाचा पुरावा म्हणायचा तर हा.

उंबरा:
वयाचा मुद्दा मान्य. पण त्या ३२२ मध्ये ८६ टक्के पुरुष होते, म्हणजे पाळी जाण्याच्या प्रश्नाला तिथेही उत्तर नाही. शिवाय तिसरा गट तुम्ही सोडलात. भूमध्य सागरी आहारावरच्यांचे (भाज्या, ऑलिव्ह तेल, मासे) ४.४ किलो उतरले, आणि त्यांना धान्य सोडावं लागलं नव्हतं.