बोआ कन्स्ट्रिक्टर घरी ठेवायचा तर: लांबी, स्वभाव आणि जळगावचा मे महिना

गिरणाकाठ

राम राम मंडळी. बोआ कन्स्ट्रिक्टर पाळायचं मनात आहे, पण त्याच्या लांबीबद्दल दहा जण दहा गोष्टी सांगतात. विकणारा म्हणतो, "पाच फुटांच्या वर जात नाही, गायीसारखा गरीब." दुसरीकडे वाचावं तर तेरा फूट. पिल्लू सध्या दीड फुटाचं आहे, नर की मादी ते त्यालाही सांगता येत नाही. घर जळगावात, स्लॅबचं, खोली वरच्या मजल्यावर. घरात सहा वर्षांचा मुलगा आहे. किती लांबी धरून पेटी बनवावी? आणि मोठा झाल्यावर स्वभाव बदलतो का?

पांझरा_धुळे

गिरणाकाठ भाऊ, पाच फूटही खरं आणि दहा फूटही खरं. साप वेगळे आहेत, नाव एकच चालतं.

बाजारात 'कॉमन बोआ' किंवा 'कोलंबियन' म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा बोआ इम्पेरेटर. मेक्सिकोपासून कोलंबियापर्यंतचा. याचा नर ५ ते ६ फूट, मादी ६ ते ८ फूट. दुसरा, शास्त्रीय नावानेही बोआ कन्स्ट्रिक्टरच असलेला, सुरिनाम, गयाना, ब्राझील, पेरूकडचा लाल शेपटीचा. त्याची मादी ७ ते १० फुटांपर्यंत जाते आणि १० ते १५ किलो भरते. तेरा फूट म्हणजे क्वचित एखादा. जुन्या लिखाणात साडेअठरा फुटी बोआची नोंद सापडते, पण तो साप नंतर ॲनाकोंडा असल्याचं मान्य झालं, तेव्हा त्या आकड्याने घाबरू नका. तिसरा प्रकार बेटांवरचा. होंडुरासच्या कायोस कोचिनोस बेटांवरचे 'हॉग आयलंड' बोआ ४-५ फुटांतच थांबतात. विकणाऱ्याचं "पाच फूट" फक्त या बेटावरच्यांना किंवा इम्पेरेटरच्या नराला लागू पडतं. नर-मादी माहीत नसताना ते सांगणं म्हणजे अंदाजपंचे.

नर-मादी ठरवायला गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंचे नख्यांसारखे काटे पाहतात. नराचे मोठे आणि वाकडे, मादीचे बारीक. पण दीड फुटाच्या पिल्लात हे फसतं. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून सळई घालून तपासून घ्या. स्वतः करू नका, आतला भाग फाटतो.

लांबीपेक्षा जाडीचा विचार करा. आठ फुटी बोआ आठ फुटी धामणीसारखा नसतो, मधोमध मांडीएवढा जाड आणि सगळा स्नायू. पेटी मादी धरूनच बनवा: ६ फूट लांब, २ फूट खोल, २ फूट उंच. नर निघाला तर जागा वाया जात नाही.

आणि वय. नीट ठेवला तर २० ते ३० वर्षं जगतो. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात एक ४० वर्षं जगला. तुमचा मुलगा नोकरीला लागेल तेव्हाही हा पेटीत असेल.

अनेर

स्वभावाबद्दल लिहितो, कारण "गरीब" हा शब्द विकणाऱ्याच्या तोंडून आला की समोरचा बेसावध होतो.

बोआ साधारणपणे संथ आणि सवयीचा साप आहे. चावण्याआधी बहुतेक वेळा इशारा देतो. मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे ओढतो आणि लांबलचक, मोठा फूत्कार टाकतो. पिल्लं जास्त चावरी असतात, कारण त्यांना सगळं जगच खाणारं वाटतं. दोन-तीन वर्षांत बरीचशी निवळतात. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर: वयाने स्वभाव बहुधा सुधारतो, बिघडत नाही. मध्य अमेरिकेकडच्या वाणांत फूत्कार आणि चावा थोडा जास्त दिसतो, पण एकाच वेतातली दोन पिल्लंही वेगळी निघतात.

पाळीव बोआचे खरे जोरदार चावे मात्र रागाचे नसतात, भुकेचे असतात. पेटी फक्त खाऊ घालतानाच उघडत असाल तर दार सरकलं की त्याला जेवणच दिसतं. उपाय सोपा आहे आणि पहिल्या दिवसापासून करायचा. पेटी उघडली की आधी सापाच्या आकडीने किंवा कागदाच्या गुंडाळीने त्याच्या अंगाला, डोक्यापासून दूर, हलका स्पर्श करायचा. स्पर्श झाला म्हणजे आज जेवण नाही, हे तो शिकतो. मग मधल्या भागाखाली हात घालून उचला. वरून डोक्याकडे हात नेऊ नका, शिकारी पक्षी तसाच येतो. उंदीर हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय सापाला हात लावायचा नाही. आणि उंदीर नेहमी फूटभर लांब चिमट्यानेच द्यायचा.

हाताळायचं नाही अशा वेळा: खाल्ल्यावर किमान ४८ तास (घास मोठा असेल तर ४-५ दिवस), आणि डोळे दुधाळ निळसर झाले की कात टाकेपर्यंत. त्या काळात त्याला नीट दिसत नाही, शांत सापही फटकारतो. नवा आणलेला साप पहिले ७ ते १० दिवस तसाच राहू द्या. नंतर आठवड्यातून दोनदा, १०-१५ मिनिटं.

चावलाच तर हात ओढू नका, हे मुलालाही समजवा. दात आत वळलेले असतात, ओढलं की कातडी फाटते आणि दात तुटून आत राहतात. पकडून ठेवलं असेल तर डोकं हळूच पुढे, चाव्याच्या दिशेने ढकला, की दात सुटतात. नाही सुटला तर तोंडावर नळाचं गार पाणी सोडा. वेटोळं शेपटीच्या टोकाकडून उलगडायचं, डोक्याकडून नाही. विष नसतं, पण जखम साबणाने धुऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

मुलाबाबत: सहा फुटांपुढचा बोआ एकट्याने हाताळायचा नाही, दुसरा मोठा माणूस जवळ हवा. गळ्यात घालून फोटो काढायचा नाही, कोणाच्याच. बोआच्या विळख्याने भक्ष्याचा श्वास कोंडतो असं पूर्वी मानत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं की उंदराचं रक्ताभिसरणच काही सेकंदांत कोसळतं. मानेभोवतीचा विळखा किती लवकर अंगाशी येऊ शकतो ते यावरून ओळखा. मुलाने हात लावला तर साबणाने धुवायचे, साप चावरा नसला तरी साल्मोनेला जिवाणू बाळगतो.

वाघूर

वरचं सगळं पटलं, पण पैसे देण्याआधी दोन गोष्टी तपासा.

पहिली, तो बोआच आहे ना. 'बोआचं पिल्लू' म्हणून आपल्याकडचा अजगर किंवा डुरक्या घोणस गळ्यात मारणारे असतात. दोन्ही संरक्षित आहेत, आणि अजगर तर वन्यजीव अधिनियमाच्या अनुसूची १ मध्ये. ओळख अशी: अजगराच्या डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण असते, ओठांवर खळगे दिसतात आणि शेपटीखालचे खवले जोडीजोडीने असतात. बोआच्या डोक्यावर मधोमध एक बारीक गडद रेघ, ओठांवर खळगे नाहीत, शेपटीखाली एकेरी खवले. डुरक्या घोणशीची शेपटी अगदी आखूड, खवले खरखरीत, अंग गोळामटोळ. मांडूळ तर ओळखायला सोपं, डोकं-शेपूट सारखंच.

दुसरी, कागद. बोआ परदेशी आहे म्हणून कायदा लागत नाही, हे २०२२ च्या दुरुस्तीनंतर चालत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधली ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. सायटीस (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतले प्राणी आता अनुसूची ४ मध्ये येतात आणि कलम ४९एम प्रमाणे ते बाळगणाऱ्याने नोंदणी करायची असते. त्याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले, अर्ज केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरून (संकेतस्थळावरून) राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. विकणाऱ्याकडे त्याच्या नोंदणीचा कागद आणि पिल्लाच्या जन्माची नोंद मागा. "नंतर देतो" म्हणाला तर निघून या. तुमच्या नावावर हस्तांतर कसं आणि किती दिवसांत करायचं ते वन विभागाच्या कार्यालयात आधी विचारा, साप घरी आणून मग नाही.

कधी नकोसा झाला तर सातपुड्यात किंवा यावलच्या जंगलात सोडायचा विचारही नको. अरुबा बेटावर १९९९ पासून बोआ असेच पसरले, आता तिथले पक्षी-सरडे खातात. एक मादी एका वेळी २५ च्या आसपास, कधी ६० पर्यंत जिवंत पिल्लं देते. अंडी नसतात की सापडली आणि काढून टाकली.

गिरणाकाठ

मंडळी, मनापासून आभार. कागद मागितले, अजून उत्तर नाही. तोपर्यंत तयारी म्हणून विचारतो: वरच्या मजल्यावर मे महिन्यात दुपारी खोलीच ४० च्या पुढे जाते. कूलर पुरेल का? आणि उंदीर गावात गोदामांतून पकडलेले चालतील का?

अनेर

उंदीर आधी. गोदामातले, शेतातले अजिबात नाही. धान्याच्या आणि केळीच्या वखारींत झिंक फॉस्फाइड नाहीतर रक्त पातळ करणारी औषधं ठेवलेली असतात. ती उंदराच्या पोटात, तिथून सापाच्या. शिवाय जंत. पैदास केंद्रातले गोठवलेले उंदीरच घ्या. रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्या, मग पिशवीत बांधून गरम पाण्यात ठेवा, अंग ३८-४० अंश लागलं की द्या. मायक्रोवेव्हमध्ये नाही, आतून शिजतो आणि फुटतो. कोंबडीचे तुकडे म्हणजे जेवण नव्हे, हाडं-आतडी-कातडीसकट अख्खं भक्ष्य लागतं.

प्रमाण: पिल्लाला त्याच्या वजनाच्या साधारण १० टक्क्यांचा उंदीर, १० ते १४ दिवसांनी. मोठ्याला ५ टक्के किंवा कमी, ३ ते ५ आठवड्यांनी. बोआची पचनशक्ती अजगरापेक्षा सावकाश असते. दर आठवड्याला मोठा उंदीर घालून लवकर वाढवलेले बोआ चरबीने, यकृत खराब होऊन लवकर जातात. शेपटीअलीकडे गाठीगाठी दिसल्या की समजा खाणं जास्त झालंय. खाल्लेलं उलटून टाकलं तर लगेच पुन्हा देऊ नका. किमान १४ दिवस थांबा, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा घास. उलटी बहुतेक तीन कारणांनी होते: पेटी थंड, घास मोठा, किंवा खाल्ल्यावर हाताळलं.

वारंवार उलटी, डोकं वर करून टक लावून बसणं, उलटं पाडल्यावर सरळ न होणं, असं एकत्र दिसलं तर तो आयबीडी (इन्क्लुजन बॉडी डिसीज) हा रोग असू शकतो. विषाणूजन्य आहे, उपचार नाही. गोचिडीसारख्या बारीक काळ्या किड्यांवरून पसरतो असा संशय आहे, म्हणून नवा साप तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्याने.

पांझरा_धुळे

तापमानाबद्दल. परदेशी पुस्तकं पानं-पानं गरम कसं ठेवावं ते सांगतात, खान्देशात निम्मं वर्ष उलटा प्रश्न आहे.

हवं ते असं: उबदार टोकाला ३१-३३ अंश, गार टोकाला २५-२७, रात्री २४ च्या खाली नको. ३५ च्या पुढे गार टोक गेलं तर तो पाण्याच्या भांड्यातच बसून राहतो, काचेला तोंड घासतो, नंतर तोंड उघडून श्वास घेतो. तोंड उघडलं म्हणजे उशीर झालाय. थर्मोस्टॅट हीटर बंद करतो, खोली गार करत नाही, एवढं लक्षात असू द्या.

शक्य असेल तर पेटी तळमजल्यावर, उत्तरेच्या भिंतीला. जुनं धाब्याचं घर असेल तर त्यातली आतली खोली सर्वांत उत्तम. वरचा मजला सोडताच येत नसेल तर मार्च ते मे कूलर चालतो, कारण हवा कोरडी असते. खिडकी मात्र उघडी हवी, नाहीतर ओल साचून दुपारनंतर कूलर नुसता दमट वारा फेकतो. पेटीतली आर्द्रता ५५ ते ६५ टक्के पुरते. कूलरसमोर जाळीची पेटी ठेवून तळ ओला झाला तर पोटाखालचे खवले सडतात आणि छातीत कफ होतो. म्हणून वारा पेटीवर नाही, खोलीत. जूनमध्ये ढग आले की कूलर निकामी होतो, ते पंधरा दिवस सर्वांत वाईट. एसी नसेल तर वरच्या मजल्यावर मोठा बोआ ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वीज गेली तर: गोठवलेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून गार टोकाच्या छतावर बाहेरून ठेवा, पेटीवर ओलं गोणपाट टाका पण हवेची भोकं मोकळी ठेवा. आत अर्ध्या फुटलेल्या मडक्याची ढोली करा, माती बाहेरून ओली ठेवली की आतला भाग बराच उतरतो.

कोरड्या हवेचा दुसरा त्रास म्हणजे कात तुकड्यातुकड्याने निघते. डोळ्यावरचं पारदर्शक झाकण अडकलं तर चिमट्याने ओढू नका. झाकणाला भोकं असलेल्या डब्यात ओला टॉवेल ठेवून साप अर्धा तास सोडा, पाणी ३० अंशांच्या आसपास. पुढच्या कातीआधी ओल्या नारळाच्या भुशाची एक ढोली द्या.

डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे रात्री एक आकडी पारा असतो. तेव्हा सिरॅमिक हीटर लागतो, जाळीच्या पिंजऱ्यात बसवलेला, नाहीतर साप त्यालाच वेटोळं घालून भाजून घेतो. थंडीत नर काही आठवडे खात नाहीत, वजन टिकून असेल तर घाबरू नका.

गिरणाकाठ

खालची खोली रिकामी करता येईल, पेटी तिथेच घेतो. हीट मॅटच्या (पेटीखाली ठेवायच्या तापणाऱ्या चटईच्या) थर्मोस्टॅटचा सेन्सर नक्की कुठे लावायचा? आणि सुरुवातीलाच सहा फुटी पेटी चालेल का?

पांझरा_धुळे

सेन्सर मॅट आणि पेटीचा तळ यांच्यामध्ये दाबून, टेपने पक्का. पेटीच्या आत सैल ठेवला की साप तो ढकलतो किंवा त्यावर पाणी सांडतो, मग मॅट बंदच होत नाही आणि पोट भाजतं. वेगळा तापमापक आत, उबदार ढोलीच्या तळाशी ठेवून रोज पडताळा. मॅट तळाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको.

पिल्लाला पहिलं वर्ष २ फूट बाय दीड फूट पुरे. मोठीच पेटी वापरायची तर दोन्ही टोकांना अंग घासून बसेल अशा घट्ट ढोल्या आणि मधे आडोसा द्या, नाहीतर लपायला जागा नाही म्हणून खाणं सोडतो. सरकत्या काचेला कुलूप आजच लावा. काचांमधल्या फटीत तुमची करंगळी जात असेल तर दीड फुटी पिल्लूही जातं.