समुद्र न पाहिलेल्या माणसानं थेट कायाकमध्ये बसावं का?

लातूरकर मास्तर
माझं मत आधीच सांगतो. मराठवाड्यातल्या माणसानं आयुष्यात एकदा तरी जाणत्या गाईडबरोबर समुद्रात स्वतःच्या हातानं वल्हं मारावं. मोटरबोटीत बसून फेरी मारणं वेगळं, त्यात आपण नुसतं सामान असतो.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा मी घागरी घेऊन टँकरच्या रांगेत होतो. पाणी मोजून वापरायचं, पुरवून पुरवून प्यायचं, एवढीच आमची त्याच्याशी ओळख. या जानेवारीत अंदमानच्या स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, ५ दिवस कायाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची अरुंद होडी, चालवून आलो. वय ५१. पोहणं येतं, पण ते विहिरीत पाठीला भोपळा बांधून शिकलेलं.

पहिल्या दिवशी गाईडनं कुठंच नेलं नाही. कमरेएवढ्या पाण्यात कायाक मुद्दाम पालथी केली. डोकं खाली, नाकात खारं पाणी, आणि कमरेभोवतीचं रबरी आवरण कायाकच्या काठाला घट्ट बसलेलं. पुढची पट्टी ओढली की ते सुटतं आणि माणूस बाहेर येतो. पहिल्या वेळी पट्टी हाताला सापडेना. तीन-चार सेकंदच गेले असतील, पण लेकरांची तोंडं डोळ्यांपुढं आली. पाचव्या वेळी मी पाण्याखाली डोळे उघडे ठेवून शांतपणे पट्टी ओढली. मग पुन्हा चढणं शिकवलं. उलटलेल्या कायाकचं नाक गाईड आपल्या कायाकवर ओढून घेतो, आतलं पाणी ओततो, सरळ करून धरून ठेवतो, आणि आपण मागच्या बाजूनं पोटावर सरपटत वर जायचं.

तिसऱ्या दिवशी भरती बघून कांदळवनात शिरलो. खारफुटीच्या मुळांच्या कमानी, त्यांच्याखालून वाट. वल्हं थांबवलं तर कायाकच्या तळातून तडतड ऐकू येते, तव्यावर मोहरी टाकल्यासारखी. गाईड म्हणाला, ही कोळंबीची एक बारकी जात, नांगी मिटताना असा आवाज करते. मी बराच वेळ नुसता ऐकत बसलो.

लातूर ते लातूर, विमान, फेरी, राहणं, गाईड सगळं धरून माणशी ६८,००० रुपये गेले. दोन वर्षं साठवले होते. मला त्यातला एक रुपयाही वाया गेला असं वाटत नाही.

माजलगावचा शेतकरी
सर, तुमचा आनंद खरा आहे, पण सगळ्यांनी जावं म्हणायलात ते पटत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात सिंदफणेला पूर आला, तेव्हा आमच्या शिवारात छातीएवढं पाणी होतं. गावातल्या तरण्या पोरांपैकी किती जणांना पोहता येत होतं सांगू? बोटावर मोजण्याइतके. विहिरी आटल्या, बोअर आले, भोपळे गेले, आणि पोहणंही गेलं. पाण्याची भीती घालवायचीच तर तालुक्याला एक पोहायचा तलाव आणि शिकवणारा माणूस पाहिजे. ६८ हजारांत माझ्या दोन एकरांचं ठिबक होतं. ज्याच्याकडं आहेत त्यानं जरूर जावं, पण मराठवाड्याच्या माणसानं जायलाच पाहिजे असं म्हणू नका.

लातूरकर मास्तर
भाऊ, तलावाचं शंभर टक्के मान्य. मी माझ्यासारख्या पगारदारांबद्दल बोललो, ते पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. पण एक बघा. तिथं रोज पाण्यात उतरण्याआधी लाइफ जॅकेटचा पट्टा गाईड स्वतः ओढून बघायचा. खांद्याला धरून वर उचलायचा, जॅकेट कानापर्यंत सरकलं तर पुन्हा आवळायचा. सैल जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं. आपल्याकडं पुरात जॅकेट वाटतात, ते घालायचं कसं हे कुणी दाखवत नाही. मी परत आल्यावर शाळेतल्या ४० पोरांना हेच करून दाखवलं.

नांदेडला राहणारा मालवणी
नोकरीमुळे १२ वर्षं नांदेडात आहे, पण जन्म मालवणजवळच्या देवबागचा. माझा विरोध समुद्राला नाही, अंदमानला आहे. पहिल्यांदा वल्हं धरणाऱ्यानं इतक्या लांब कशाला जावं? देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. आतली खाडी शांत आहे, दोन्ही काठांना माड आणि कांदळ. रात्रीच्या गाडीनं निघून तुम्ही आमच्याकडे पोचता. बेटच हवं असेल तर मालवणसमोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग आहे. १६६४ साली महाराजांनी पाया घातला, आणि भर समुद्रात आतल्या विहिरींना गोडं पाणी. लातूरच्या माणसानं ते एकदा ओंजळीनं पिऊन बघावं.

मात्र किल्ल्याभोवती कायाक घेऊन एकट्यानं जाऊ नये. पाण्याखाली खडक आहेत आणि दुपारनंतर वारा उठतो. लोक लाटेला घाबरतात. खरा धोका जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याचा. काठाजवळ पाणी आरशासारखं दिसतं, म्हणून माणूस निघतो, आणि परत फिरल्यावर कळतं की वल्हं मारूनही किनारा जवळ येत नाही.

संभाजीनगरची प्राणिशास्त्रवाली
मास्तरांनी मगरींचा उल्लेखच केला नाही, ही मोठी चूक आहे. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, आणि त्यांची घरं म्हणजे हीच कांदळवनाची खाडी. २०१० साली याच बेटावर एका परदेशी पाहुणीचा मगरीनं जीव घेतला. तिथं रात्री कायाकनं चमकतं पाणी दाखवायला नेतात. वल्हं मारलं की सूक्ष्म जीव निळसर उजळतात, अमावास्येच्या सुमारास सुंदर दिसतं हे खरंच. पण अंधारात, खाडीत, पाण्यापासून वीतभर उंचीवर बसून? मी माझ्या आईला पाठवणार नाही.

दुसरं, ओहोटीला प्रवाळ उघडे पडतात. तिथं कायाक घासली किंवा उतरून पाय दिला, तर वर्षानुवर्षं वाढलेलं एका पावलात मोडतं.

लातूरकर मास्तर
ताई, मगरीबद्दल तुमचं बरोबर आहे आणि मी लिहायला हवं होतं. आमच्या गाईडनं रात्रीची फेरी नाकारली होती. खाडीच्या तोंडाशी इशाऱ्याचा फलक होता, तो दाखवून म्हणाला, दिवसा, चौघं मिळून, मधोमध, आणि हात पाण्यात घालायचा नाही. बरोबरच्या एकानं जास्त पैसे देऊ केले, तरी तो हलला नाही. म्हणून तर मी गाईड गाईड करतोय. नाही म्हणणारा गाईड भेटला पाहिजे.

परभणीची ताई
मला एक सुचतंय. जायकवाडीचा नाथसागर एवढा मोठा पडलाय पैठणला, १९७६ पासून भरतोय. आपली पोरं तिथंच का शिकू नयेत? पैसा इथंच राहील, भोई समाजाच्या पोरांना काम मिळेल. त्यांच्याइतकं ते पाणी कोण ओळखतं?

संभाजीनगरची प्राणिशास्त्रवाली
ताई, जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. कायाकला चांगले दिवस हिवाळ्याचे, आणि नेमके तेव्हाच स्थलांतरित पक्षी उतरतात. उथळ पाण्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, चरत असतात. पन्नास कायाक फिरायला लागल्या तर ते थांबणार नाहीत. शिकवायला गावतलाव बघा, नाथसागर नको.

परभणीची ताई
भोई पोरांच्या कामाचा मुद्दा मी सोडत नाही, तो गावतलावालाही लागू आहे. पण पक्ष्यांचं पटलं. मग माझ्यापुरतं विचारते. वय ४६, पोहणं अर्धंमुर्धं, अंदमान परवडत नाही. देवबागला जानेवारीत बहिणीला घेऊन यायचं म्हणते. कोणते दिवस बघू?

नांदेडला राहणारा मालवणी
ताई, कॅलेंडरमध्ये अष्टमी बघा, शुद्ध किंवा वद्य कोणतीही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, खाडीच्या तोंडाला ओढ जोरात लागते. अष्टमीच्या सुमारास भांगाचं पाणी, चढउतार कमी. सकाळी ७ ला पाण्यात असा, १० च्या आत बाहेर या. संगमाच्या पट्ट्यापुढे जायचं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. आणि आधी कमरेएवढ्या पाण्यात कायाक पालथी करून दाखवा म्हणावं. जो दाखवायला तयार नसेल, त्याच्याबरोबर जाऊ नका.