साडेतीनशेचं किट की माळ्यावरचं बोचकं?

सुईदोरा (धागा सुरू करणारी)

गेल्या महिन्यात भाचीच्या वाढदिवसाला तिला भरतकामाचं किट दिलं. साडेतीनशे रुपये. डब्यात प्लॅस्टिकची रिंग, फुलांची नक्षी आधीच छापलेलं कापड, सात रंगांचे दोरे, दोन सुया आणि कुठं कुठला टाका घालायचा ते दाखवणारा कागद. पोरीनं दोन रविवारांत पुरं केलं आणि खरंच सुबक केलं. मग म्हणाली, "मावशी, दोरे संपले. आता दुसरं किट कधी?"

आम्ही बसलो होतो त्याच खोलीच्या माळ्यावर माझ्या आईच्या सुती साड्यांचं बोचकं आहे. कपाटात बटणांची बरणी, ब्लाउजांचे उरलेले तुकडे, साड्यांचे फाडून ठेवलेले काठ. यातून काही होईल हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

माझं मत असं की स्वस्तात हाताचं काम करायचं असेल तर सुरुवात त्या बोचक्यापासून व्हावी. आधी पैशाचं बोलते. तेच सामान मी इथं कोल्हापुरात महाद्वार रोडला सुटं घेतलं. लाकडी रिंग ५० रुपये, दोऱ्याच्या सात लडी १०५, सुयांचं पाकीट १०. कापड वडिलांच्या जुन्या धोतराचं. झाले १६५. एका लडीत आठ मीटर सहापदरी दोरा असतो. दोन पदर वेगळे काढून भरलं की तोच दोरा चोवीस मीटर पुरतो. किटमधला प्रत्येक रंग जेमतेम त्या एका फुलापुरता होता.

पैशापेक्षा माझ्या मनाला दुसरी गोष्ट जास्त लागते. आमच्याकडं वाकळ, म्हणजे गोधडी, शिवणाऱ्या बाईला कुणी नक्षी छापून देत नव्हतं. जुनेर उजेडात धरून ते किती विरलंय ते बघायचं. विरलेलं मधल्या थरात, धड असलेलं वर. ठिगळ कुठल्या रंगाचं, कुठं, हे तिचं तिनं ठरवायचं. मग कडेकडेनं धावदोरा घालत चौकोनाच्या आत आत यायचं. आजी एका वाकळीला महिना लावायची, आणि त्यातले पहिले दोन-तीन दिवस नुसती लुगडी पसरून बघण्यात जायचे. आम्हाला वाटायचं, ही काहीच करत नाही. ते बघणं म्हणजेच अर्धं काम होतं हे मला आता कळतं. किटमध्ये हे बघणं दुसऱ्या कुणीतरी उरकलेलं असतं आणि आपल्या वाट्याला फक्त टाके येतात.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहा. मला समजून घ्यायचंय.

रात्रपाळी

ताई, तुमचं लिहिणं मनापासून आहे म्हणून मीही मनापासून लिहिते. मला हे पटलं नाही.

आम्ही प्रयाग चिखलीचे. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी घरात शिरलं तेव्हा नेसत्या कपड्यांनी बाहेर पडलो. परत आलो तर सासूबाईंची ट्रंक चिखलानं भरलेली. लुगडी, वाकळा, माझ्या बाळंतपणातली कुंची, सगळं काळं पडून कुजलेलं. दोरीवर टाकून बघितलं, वास जाईना. शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकलं. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं, तेव्हा टाकायलाही फारसं राहिलं नव्हतं. बोचकं ज्यांच्या माळ्यावर आहे त्यांनी बोचक्यातून करावं. आमच्यासारख्यांनी कुठून करायचं?

मी नर्स आहे. रात्रपाळीत वॉर्ड शांत झाला की पहाटे तीन-साडेतीनला झोप अनावर होते आणि झोपून चालत नाही. एका मैत्रिणीनं क्रोशाचं किट दिलं होतं. एक सुई, तीन रंगांची लोकर, एक छोटं कासव. कुठलाच निर्णय घ्यायचा नव्हता हेच मला बरं वाटलं. दिवसभर घरात आणि रात्रभर कामावर मी निर्णयच घेत असते. कागदावर लिहिलंय सहा खांब घाल, मी सहा खांब घालते. तुम्ही म्हणता ठरवण्यात काम आहे. थकलेल्या माणसाला कधी कधी फक्त टाकेच हवे असतात, आणि ते टाके माझेच असतात.

माझी आई मी नववीत असताना गेली. मला कुणी काही शिकवलं नाही. त्या साडेचारशेच्या डब्यानं शिकवलं.

राजारामपुरी सहावी गल्ली

रात्रपाळी ताईंशी सहमत, आणि 'जुन्यातून केलं की स्वस्त पडतं' यावरही माझा अनुभव सांगते.

लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात जुना लोकरी स्वेटर मिळाला, ८० रुपयांना. गडद निळा, लोकर मऊसूत. उसवून मुलाला टोपी-मफलर करायचं ठरवलं. घरी येऊन उसवायला घेतला तर हातभर दोरा निघाला की तुटतोय, परत हातभर, परत तुटतोय. दोन संध्याकाळी गेल्या आणि हाती नुसती गाठीगाठींची गुंतवळ.

नंतर एका जाणत्या बाईंनी चूक दाखवली. स्वेटर घेताना तो आतून उलटा करून बाजूची शिवण बघायची. शिवणीच्या कडेला ओव्हरलॉक, म्हणजे कापलेली कड उसवू नये म्हणून मशिननं घातलेली दाट शिलाई, असेल तर तो विणलेलं कापड कापून शिवलेला असतो. त्याची प्रत्येक ओळ कडेला कापलेली, म्हणजे तुकडेच निघणार. कडेला सलग साखळी दिसत असेल तर भाग वेगवेगळे विणून जोडलेत, त्याचा दोरा सलग सुटतो. सुटलेली लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात भिजवून वाळत घालायची आणि खाली हलकं वजन लावायचं, म्हणजे तिच्यातल्या वळ्या जातात. न धुता तशीच विणली तर वीण वेडीवाकडी दिसते.

आता सांगा, हे नवशिक्या मुलीला कुठून कळणार? किटच्या कागदावर निदान सगळं पायरीपायरीनं लिहिलेलं असतं. जुनं सामान स्वस्त असतं, पण ते वापरायची अक्कल महाग असते, आणि ती देणारं माणूस घरात लागतं.

इचलकरंजीकर

चिंध्यांबद्दल बरेच गैरसमज आहेत म्हणून लिहितो. आमच्या गावात १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आला, तेव्हापासून इथं चिंधीही आहे आणि चिंधीचा बाजारही. शहरातल्या लोकांना वाटतं, कारखान्यात पडलेलीच असते, मागितली की मिळते. तसं नाही. सुती चिंधी किलोवर विकली जाते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत मशिनं पुसायला जाते, पिंजून गाद्यांत भरली जाते. ती गोळा करणाऱ्या, निवडणाऱ्या बायकांचं पोट त्यावर आहे. तेव्हा हौसेसाठी घ्या, पण मोल देऊन घ्या.

दुसरं, नीट बघून घ्या. हल्ली मिश्र कापड जास्त. कडेचा एक दोरा काढून पेटवा. सुती असेल तर कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो. वाकळ आणि लहान मुलांचे कपडे यांना सुतीच घ्या, आणि लाल, निळा, काळा तुकडा पांढऱ्या ओल्या फडक्यावर घासून बघितल्याशिवाय बाकीच्यांत मिसळू नका. एका लाल तुकड्यानं आमच्या घरातली अख्खी वाकळ गुलाबी केली होती.

किटविषयी माझं काही म्हणणं नाही. ज्याला जे जमेल ते त्यानं करावं.

वर्गशिक्षिका

मी चौथीच्या वर्गाला शिकवते, अडतीस मुलं. सुईदोरा ताईंच्या विचारांवर मी पाच-सहा वर्षं चालले आणि मग सोडून दिलं. का, ते सांगते.

कार्यानुभवाला 'टाकाऊतून टिकाऊ' दिलं की काय होतं? निम्म्या पालकांनी संध्याकाळी दुकानात जाऊन नव्याकोऱ्या आइस्क्रीमच्या काड्या, चमकीचे कागद, टिकल्या आणलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी टेबलावर सगळं 'टाकाऊ' नवं. आणि ज्या मुलाच्या घरी खरोखर टाकाऊच आहे, तो बाटलीचं झाकण आणि वर्तमानपत्र घेऊन येतो आणि शेजारच्याची लखलखीत वस्तू बघून आपलं दप्तरातून काढतच नाही. एका मुलानं वस्तू हरवली म्हणून सांगितलं. शाळा सुटल्यावर मला ती बाकाखाली सापडली. जुन्या बांगड्यांना दोरा गुंडाळून केलेलं तोरण होतं, वर्गातलं सगळ्यात चांगलं काम.

त्या दिवसापासून सामान मीच देते. ओळखीच्या शिंप्याकडून उरलेले तुकडे घेते, बटणं घेते, सगळ्यांना सारख्या पाकिटांत भरते. पाकिटामागे आठ-दहा रुपये पडतात. म्हणजे किटच, फक्त मी बांधलेलं. प्रत्येकाला तेच तुकडे आणि तेवढाच दोरा. काय करायचं ते मात्र सांगत नाही. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, वेळी अडतीस पाकिटांतून अडतीस तऱ्हेचे कापडी बैल झाले. एकाचा बैल बसलेला होता. का म्हणून विचारलं तर म्हणाला, "आज त्याला सुट्टी आहे."

तेव्हा भांडण किटशी नसावं. किटमधल्या त्या कागदाशी असावं.

सुईदोरा

रात्रपाळी ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माळ्यावर बोचकं असणं हेच एक सुख आहे हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. महापुरात आमच्या गल्लीत पाणी आलं नाही, म्हणून ते बोचकं राहिलं. माझ्या हुशारीनं नाही. हे मी मान्य करते.

राजारामपुरी ताई, तुमच्या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. अक्कल महाग असते म्हणता, पण तुम्हाला ती मिळाली कुठून? फसलेल्या स्वेटरातून आणि त्या जाणत्या बाईंकडून. आता तुम्ही इथं लिहिलंत, ते आणखी चौघींना मिळालं. किटमध्ये फसायची सोयच नाही, म्हणून विचारायला कुणाकडं जावंही लागत नाही.

बाई, बैलांचं वाचून फार आनंद झाला. भाचीला या रविवारी तसंच पाकीट बांधून देते, कागद न घालता.

पायताण

सगळ्यांचं वाचलं. एक शब्द मला खटकायलाय, 'स्वस्त'. मी सुभाषनगरचा, घरात तीन पिढ्या चपलांचं काम. जरा आमच्या बाजूनंही बघा.

घरात करून घरात वापरायला कुणाची ना नाही. पण पुढं काय होतंय? आमच्याकडून कातड्याचे तुकडे किलोवर नेतात, त्याचे कीचेन, बुकमार्क करतात आणि प्रदर्शनात ५०-६० रुपयांना विकतात. विचारलं तर म्हणतात, "सामान दहा रुपयांचं, बाकी हौस." त्या 'बाकी'त दोन तासांची मजुरी गेली की. मग तेच गिऱ्हाईक आमच्या दारात येतंय आणि म्हणतंय, हातानं केलेलं तिथं साठला मिळतंय, तुम्ही एवढे का लावताय?

बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, त्याचे थर बसवायचे, कातड्याच्याच वादीनं शिवायचं, वेणी घालायची. आमच्या घरात वेणी आई घालायची, तिची नजर गेली तीच वेण्या घालून. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं आपल्यासारखी चप्पल दाखवली आणि आपलं नाव घेतलं नाही, तेव्हा अख्खं गाव चिडलं, बरोबरच चिडलं. पण तेच लोक आमच्याकडं दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतात तेव्हा वाईट वाटतंय.

हौसेनं करा, पण विकायला बसलात तर तास मोजा. तुमच्या घरात चूल त्याच्यावर पेटत नसंल, आमची पेटती.

कागलकर

दादा, तुमचं दुःख समजतं, पण इथं विषय घरच्या कामाचा आहे, विक्रीचा नाही. हौशी माणसानं बुकमार्क केला म्हणून चपलेचं गिऱ्हाईक तुटतं हे मला पटत नाही. तुमचं गिऱ्हाईक तोडतात त्या मशिनवर केलेल्या, कोल्हापुरी म्हणून खपवलेल्या रेक्झिनच्या चपला. उलट ज्यानं एकदा स्वतः वादी ओवून बघितली, तो परत घासाघीस करणार नाही. मी एका दुपारी नुसता चष्म्याचा कव्हर शिवला, बोटं दोन दिवस ठणकत होती. त्यानंतर चपलेची किंमत सांगतील ती दिली.

पायताण

ते रेक्झिनचं खरं आहे. आणि ओवून बघितलेलं गिऱ्हाईक वेगळं असतंय, हेही खरं. पण विकणाऱ्यांनी तास मोजावेत हे मी मागं घेत नाही. तुकडे कुणाला घरच्यासाठी हवे असतील तर या, निवडून देतो. कापल्यावर मधे निळसर-राखाडी दिसतं ते क्रोमचं, म्हणजे रसायनात कमावलेलं कातडं. आमचं कापलं तरी आतून तपकिरीच दिसतंय. ते बघून घ्या.

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. इतकं वाचून एक इच्छा झाली. कासवं पुष्कळ झाली. मला वाकळ शिवायची आहे, सासूबाईंसाठी. त्यांची शिवलेली शेवटची वाकळ त्या ट्रॉलीत गेली, आणि त्यानंतर त्यांनी सुई हातात धरली नाही. शिवता त्यांना अजून येतं, फक्त कापड नाही. मी पसरून दिलं तर कदाचित त्या बघत बसतील, तुमच्या आजीसारख्या.

इचलकरंजीकर भाऊ, निवडलेली सुती चिंधी चार-पाच किलो सुटी देतात का, की पोतंच घ्यावं लागतं? दोन माणसांच्या वाकळीला मधल्या थरासाठी किती लागेल?

सुईदोरा

मधल्या थराची चिंधी भाऊ सांगतील. वरच्या आणि खालच्या थराला आईची दोन नऊवारी लुगडी देते, धुऊन ठेवते. एक हिरवं आहे, एक अंजिरी. अंजिरीचा रंग सुटत नाही. हिरव्याचा आज ओल्या फडक्यावर घासून बघते आणि कळवते.